एकतीस बायांचा एक आवाज

तुमच्या आईनं स्वतःचं पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, स्वतःच्या तोंडानं शेवटचं कधी घेतलं, सांगता येईल? आठवा बरं. नाही ना आठवत? मलाही ते कधी सुचलं नव्हतं, आणि त्याची शिक्षा एक पोरगी भोगून राहिली आहे.

तिचं नाव हर्षा टिकाराम गिऱ्हेपुंजे. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गाव गेलं तेव्हा ती शाळेत होती. आमच्या पुनर्वसनाच्या वस्तीतली पीएच.डी. करणारी पहिली तीच, तीही कॉम्प्युटरमध्ये. चौथं वर्ष आहे. तिनं जे बनवलं ते मी, वस्तीचे मोर्चे काढणारा दहावी नापास माणूसही, सांगू शकतो. बाईनं फोन लावायचा, आपलं नाव बोलायचं. मशीननं आवाज ओळखायचा आणि तिच्या सरकारी अर्जाचं पुढं काय झालं ते तिच्याच बोलीत सांगायचं. कागद नको, पासवर्ड नको, "भाऊ, एवढं वाचून द्या" म्हणत माझ्यामागं फिरणं नको. एक संस्था उन्हाळ्यापासून ते आमच्या वस्तीत लावणार होती.

आवाज भरायला बाया मीच गोळा केल्या. चाळीस. समाजमंदिरात सतरंजी, चहा आणि एक फोन. फोन म्हणायचा, "आपले पूर्ण नाव तीन वेळा सांगा." पूर्ण नाव म्हटलं की मधात नवरा आला. आमच्याकडच्या मोठ्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. राशनच्या दुकानात, दवाखान्यात, बाजूची बाई सांगते. इथं बाजूला कलाबाई होती. सत्तरी पार केलेली, वस्तीतल्या साऱ्या नवऱ्यांपेक्षा वयानं मोठी, म्हणून तिला सगळी नावं मोकळी.

"सरक व बाई, दे इकडं," म्हणत तिनं फोन ओढला. "शकुबाई टिकाराम गिऱ्हेपुंजे. शकुबाई टिकाराम..."

शकुबाई म्हणजे हर्षाची आई. ती बाजूला पदर तोंडाशी धरून हसत बसली होती. अशी एकतीस बायांची नावं कलाबाईनं सांगितली. तिची स्वतःची पाळी आली तेव्हा म्हणते, "आता माह्या बुढ्याचं नाव कोन घेते?" ते तिच्या नणंदेनं घेतलं.

बाहेरची पोरगी असती तर तिथल्या तिथं ओरडली असती. हर्षाला काहीच खटकलं नाही. आईचं नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकतच ती लहानाची मोठी झाली. मलाही खटकलं नाही, मी चहा वाटत होतो. पुढं मशीनची परीक्षा झाली तीही त्याच सतरंजीवर, कलाबाईच्याच तोंडून. शंभरातून चौऱ्याण्णव वेळा बरोबर. तिचे गाइड धनंजय सर खूश झाले. नागपूरच्या मोठ्या कॉम्प्युटर परिषदेत तिच्या संशोधनाचं पोस्टर मंजूर झालं.

परिषदेच्या आठ दिवस आधी हर्षा घरी आली आणि आईला म्हणाली, "लाव फोन. एकटीनं."

"शकुबाई..." म्हणून आई थांबली.

"बोल न माय पुढं."

"तुहा बाप घरात हाये न."

बापाला अंगणात पाठवलं. तरी नाव निघेना. शेवटी नवऱ्याला वगळून नुसतं "शकुबाई गिऱ्हेपुंजे" म्हणाली. मशीन म्हणालं, "आवाज जुळत नाही." मग हर्षानं कलाबाईला बोलावलं. कलाबाईनं टिकारामचं नाव ठणकावून घेतलं आणि मशीन लगेच, "नमस्कार, शकुबाई." आईच्या अर्जाचं सगळं कलाबाईला ऐकवून मोकळं.

कलाबाई हसून हसून लोळायची बाकी राहिली. "आता इलेक्शनले मीच उभी राहतो! एकतीस मतं त माह्या नरड्यातच हायेत."

हर्षाला मात्र आता कळलं. मशीन बायांचा आवाज ओळखतच नव्हतं. ते फक्त कलाबाईनं उच्चारलेली नावं ओळखत होतं.

तिनं माझ्यासमोरच सरांना फोन लावला. सगळं ऐकून सर म्हणाले, "हर्षा, पोस्टर छापून झालंय. आकडा परिषदेला गेलाय. परिषद होऊ दे, नंतर बघू. आणि तुझा सहामाही अहवाल माझ्या टेबलावर आहे, सहीसाठी. लक्षात आहे ना?"

आवाज कसा गोड. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, शिवीला मला उत्तर देता येते. सही नाही तर फेलोशिप बंद, नोंदणी अडचणीत. सही पाहिजे तर तो आकडा आपल्या तोंडानं बोलायचा, आणि उन्हाळ्यात तिचीच आई आपल्याच अर्जाच्या बाहेर उभी.

वरठी स्टेशनावरून आम्ही नागपूरची गाडी पकडली. पोस्टरची नळी मी धरली होती. परिषद होती त्या हॉटेलच्या हॉलमध्ये पोहोचल्यावर माझ्या गळ्यात पट्टी आली: पाहुणा. पोस्टरांच्या रांगा, प्रत्येकापुढं इस्त्रीच्या कपड्यातला एक विद्यार्थी, तीच तीच वाक्यं बोलून घसा कोरडा झालेला. लोक यायचे, दोन मिनिटं ऐकायचे, फोटो काढायचे. सर तिथून हलेनात. "विचारा तिला. खेड्यातल्या बाया, आणि चौऱ्याण्णव टक्के!"

"हो, चौऱ्याण्णव," हर्षा म्हणायची. मी सात वेळा ऐकलं. दर वेळी आवाज आधीपेक्षा बारीक.

पाण्याची बाटली द्यायच्या निमित्तानं मी जवळ गेलो. "बोलून टाक न. भेतं कायले?"

"भाऊ, तुमचं काय जाते? तुम्ही नारे देता न घरी जाता. मले ह्याच मानसाच्या हाताखाली अजून दीड वर्ष काढा लागते."

मला राग आला. खरं बोलली म्हणून जास्तच आला.

तीन वाजता मार्गदर्शनाची वेळ होती. प्रत्येक विद्यार्थ्याला बाहेरून आलेल्या एका जाणत्या प्राध्यापकासोबत वीस मिनिटं, गोल टेबलावर. गाइडनं तिथं बसायचं नाही असा नियम. हर्षाच्या वाट्याला रीता मॅडम आल्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीला बांधलेला. मी पिशवी घेऊन मागं उभा होतो. सर बसले नाहीत. दोन पावलांवर उभे राहून दुसऱ्या कोणाचं पोस्टर वाचत राहिले. वीस मिनिटं, एकच पोस्टर.

मॅडमनी आकडा विचारलाच नाही. म्हणाल्या, "तुझी आई वापरते हे?"

हर्षानं टेबलावरचा कप इकडून तिकडं सरकवला. परत जागेवर आणला. सरांकडे पाठ होईल अशी खुर्ची फिरवली आणि म्हणाली, "नाही मॅडम. तिचा आवाज ह्यात नाहीच." मग सतरंजी, कलाबाई, अंगणात पाठवलेला बाप, सगळं सांगितलं.

"मग हे पोस्टरवर का नाही? तुला खरं सापडलंय ते हेच."

"सही," हर्षा म्हणाली.

मॅडमनी मान वळवून त्या वाचणाऱ्या माणसाकडे पाहिलं. "मी विद्यापीठाला पत्र लिहीन. पण माझ्या पत्रानं तुझी सही होणार नाही. खोटा धीर देत नाही."

हर्षा उठली. माझ्या पिशवीत मोर्च्याचे फलक लिहायचा जाड मार्कर असतो. तो मागितला, पोस्टरवरच्या चौऱ्याण्णववर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: चाळीसपैकी एकतीस नावं एकाच बाईच्या आवाजात.

"हे काय?" सर हळूच म्हणाले.

"दुरुस्ती, सर."

"बरं." एवढंच.

अहवाल अजून सरांच्या टेबलावर आहे. "या आठवड्यात बघतो," हे उत्तर चार महिने सुरू आहे. मी सरांकडे गेलो होतो, आवाज चढवला, मला बाहेर काढलं. त्यानं तिचंच नुकसान झालं असेल, कबूल. गाइड बदलायचा अर्ज करता येतो. त्या अर्जावर पहिली सही जुन्या गाइडची लागते. परत वाचा हे वाक्य.

मधल्या काळात तिनं बाया पुन्हा बोलावल्या. फोन आता पूर्ण नाव विचारत नाही. विचारतो, "तुमचं नाव आणि तुमच्या बांधीचं नाव." बांधी म्हणजे आमचं धानाचं शेत. प्रत्येक बांधीला नाव असते. बांध्या पाण्याखाली गेल्या, नावं एकही बाई विसरलेली नाही.

कलाबाईनं सवयीनं हात पुढं केला. हर्षा म्हणाली, "काकी, आज तू चूप."

शकुबाईनं पदर तोंडावरून काढला आणि तीन वेळा म्हणाली, "शकू. आंब्याची बांधी." दुसऱ्या दिवशी घरून एकटीनं फोन लावला, नवरा समोर बसला असताना. मशीन म्हणालं, "नमस्कार, शकुबाई." ती इतकी घाबरली की फोन ठेवूनच दिला.

पण हे सारं हर्षाच्या लॅपटॉपमध्ये पडून आहे. गाइडच्या सहीशिवाय ते कोणाच्या हिशेबी संशोधन नाही, आणि संस्था म्हणते आम्ही जुनंच लावतो, त्याचा निकाल चौऱ्याण्णव टक्के आहे. उन्हाळ्याला दोन महिने राहिले.

तुम्ही कोणत्याही विद्यापीठाच्या संशोधन समितीवर असाल, तर जुन्या गाइडच्या सहीसाठी अडलेला एखादा अर्ज तुमच्याही कपाटात असेल. तो आज काढा. ज्याचा असेल त्याला बोलवा, गाइडला दाराबाहेर बसवा, दार लावा, आणि वीस मिनिटं नुसतं ऐका.