धाव चढवायचं पाणी

मी तोंडाची फटकळ, पण त्या दिवसाबद्दल आजवर कुणापाशी बोलले नाही.

बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पारनेरजवळ राहत होतो. सासरे सुतार. त्यांचे एक म्हातारे दोस्त होते, त्यांना मी बाबा म्हणायचे. नगरच्या कॅम्पातल्या कुण्या गोऱ्या साहेबाची बग्गी बाबांच्या आजानं विकत घेतलेली. तीन पिढ्या ती वरातीला जात होती. आता एक चाक पार खिळखिळं झालं होतं. चाक झालं तर लग्नसराईत बग्गी फिरणार आणि घोडीला वैरण मिळणार. नाही तर घोडी बाजारात न्यावी लागणार.

सासऱ्यांनी बाभळीचे नवे आरे बसवले, मधला तुंबा मात्र जुनाच ठेवला. "ह्यो साहेबाच्या वक्ताचा हाय, ह्याला हात लावायचा न्हाई." राहिली धाव, चाकावरची लोखंडी पट्टी. ती लाल तापवून चढवायची आणि लगेच पाणी ओतायचं, म्हणजे लोखंड आवळतं. उशीर झाला की लाकूडच पेटतं. आणि टँकर यायचा दोन दिवसांआड! चार दिवस तहान मारून आम्ही एक पिंप भरलं.

बाबा घोडी घेऊन आले. बिचारीच्या बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. "उन्हात नका हो ठेवू तिला, लिंबाखाली बांधा," मीच म्हणाले. पिंपही लिंबाखालीच होतं. अक्कल गहाण पडली होती माझी, दुसरं काय!

सासरे, माझा नवरा आणि बाबा, तिघांनी सांडश्यांनी धाव उचलून चाकावर बसवली. धूर उठला. "सूनबाई, वत! वत की पानी!" मी बादली घेऊन धावले, तर दोर तोडून घोडीनं पिंपात तोंड घातलेलं. दोन घोट घेतले असतील तिनं. मी तुटक्या दोराला हिसका दिला, तिनं मान झटकली आणि पिंप आडवं झालं.

अगं बाई गं! सगळं पाणी भुईनं पिऊन टाकलं. चाक पेटलं. तिघंही नुसती माती टाकत राहिले, पण ते तुंब्यापर्यंत जळलं. रिकामी बादली धरून मी उभी होते, मला रडूसुद्धा येईना.

सासरे खाली बसले. बाबा धुरानं भरलेले डोळे पुसत माझ्याकडं आले. आता शिव्या देतील, असं वाटलं. द्यायलाच हव्या होत्या.

"पोरी, घोडी तरी प्याली का पोटभर?"

ती माझ्यामागं ओली माती चाटत होती.

"व्हय बाबा," मी म्हणाले. "पोटभर प्याली."