उशीला सांगून झोपणारे शेजारी

माझ्या शेजाऱ्यांइतका सभ्य माणूस जगात दुसरा झाला नसेल, आणि सभ्यतेपायी इतकं नुकसानही कुणी करून घेतलं नसेल. दापोडीच्या आमच्या चाळीत ते कोपऱ्यावरच्या खोलीत राहायचे आणि मी त्यांच्या भिंतीला भिंत लावून. पिंपरीला तेव्हा नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्याच एकात ते स्टोअरमध्ये कारकून होते. गाव कोकणातलं, माणूस एकटा. सगळ्यांना अहो-जाहो करायचे. त्यात भाजीवाली आली, तिची तीन वर्षांची पोर आली आणि चाळीतलं मांजरही आलं. दुधाच्या पातेल्यात तोंड घातलेल्या त्या मांजराला "अहो, ते आमचं आहे," असं सांगताना मी त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

या माणसाने रोज पहाटे चारला उठून लिहायचं ठरवलं. हौस म्हणून नव्हे. आई लहानपणीच गेलेली, त्यांना वाढवलं ते थोरल्या बहिणीने. ही आक्का पन्नाशीला आल्यावर गावातल्या प्रौढांच्या वर्गात जाऊन वाचायला शिकली आणि तिने पहिलं कार्ड भावाला लिहिलं, एकेक अक्षर बोराएवढं. "मला वाचता येतं. माझ्यासाठी काहीतरी लिही." एवढाच मजकूर. तिने आपल्याला कसं वाढवलं ते सगळं एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहायचं, असं यांनी मनाशी ठरवलं. वाचक एकच, पण त्याला मुदत होती. आक्काच्या डोळ्यांत काचबिंदू होता आणि नजर फार तर दोन वर्षं टिकेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

आता उठायचं कसं? गजराचं घड्याळ आणायला ते तयार होईनात. भिंती पातळ, लोकांची झोपमोड होईल! म्हणून त्यांनी जुना उपाय काढला, उशीला सांगून झोपायचा. आपण लहानपणी उशीला दटावून सांगायचो, "चारला उठव." हे म्हणायचे, "चारला उठवाल का? जमलं तर." जमलं तर म्हटल्यावर कुठली उशी मनावर घेणार? आठवडाभर ते सहाच्या भोंग्यालाच उठले. शेवटी त्यांनी पिंपळे गुरवच्या दूधवाल्याला गळ घातली. तो चारलाच नदी ओलांडून, पुण्याला दूध घालायला निघालेला असायचा. खिडकीच्या गजांवर काठी आपटून तो असा ओरडायचा, की अख्खी चाळ अंथरुणात उठून बसे.

"उठा मास्तर! लिवायचं हाय न्हवं?"

लिहितात म्हणून त्याने मास्तर ठरवलेले हे कारकून उठायचे, आणि एवढ्या थंडीत आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं म्हणून स्टोव्ह पेटवायचे. दूधवाला "व्हय, घोटभर घेतो," म्हणत उंबऱ्यावर टेकायचा. तो गेला की हे वही उघडायचे, पण तोवर चहाचा वास भिंतीपलीकडे माझ्याकडे पोचलेला असायचा. मी पहिल्या शिफ्टचा माणूस, जागा झालेलाच असायचो. दार ढकलून विचारायचो, "येऊ का?" ते लगेच वही मिटून मांडीखाली सरकवायचे. "या या, बसा."

"तुम्ही लिहा हो, मी काही बोलत नाही," असं म्हणून मी आमच्या सुपरवायझरच्या कागाळ्या सांगत भोंगा होईपर्यंत बसायचो. एकदा मी विचारलं, "कुठवर आलं?" ते म्हणाले, "आक्का मला शाळेत पोचवते आहे. वाटेत वहाळ आहे, म्हणजे ओढा हो, त्याला पाणी आलं आहे." मग काय, मला निमित्तच मिळालं. रोज चहा पिता पिता मी विचारायचो, "काय, आक्का अजून वहाळातच का?" ते हसून म्हणायचे, "अजून वहाळातच." हळूहळू चाळभर ही थट्टा झाली. ते सायकलवर निघाले की पोरंसोरंसुद्धा पाठीमागून हेच ओरडायची. आणि ते सायकल थांबवून, उतरून, "हो हो, अजून वहाळातच," असं उत्तर देऊन पुढे जायचे.

दुसऱ्या वर्षी आक्काच्या कार्डांवरची अक्षरं ओळ सोडून वर चढायला लागली. मग एक कार्ड परक्या अक्षरात आलं. "आता दिसत नाही. लिहिलं असेल तेवढं घेऊन ये आणि वाचून दाखव." त्यांनी ते माझ्या हातात दिलं आणि आधण ठेवलं. त्या दिवशी पहिल्यांदा वही मांडीखाली गेली नाही. नऊ पानं भरली होती. शेवटची ओळ होती, "आक्काने मला खांद्यावर घेतलं आणि". पुढे कोरं.

"इथे काय झालं?" मी विचारलं.

"इथे तुम्ही आलात," ते म्हणाले. त्यांना दोष द्यायचा नव्हता, म्हणूनच ते मला सोसवलं नाही.

आक्काला एकटी ठेवणं बरं नव्हे म्हणून नोकरी सोडून ते कायमचे गावी गेले. मी स्टेशनवर पोचवायला गेलो होतो. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून माझा हात धरला. "तुमच्या सोबतीमुळे पहाटे उठायची सवय टिकली हो. एकट्याला जमलं नसतं." त्या माणसाला टोमणा मारता येत नव्हता, तो हे मनापासून म्हणत होता. एखादी शिवी दिली असती तर मी सुखाने घरी आलो असतो.

त्यांनी एकदा तरी "आज नको" म्हणायला हवं होतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावलं. खरं तर मीच एखाद्या पहाटे माझ्या खोलीत बसायला हवं होतं. आता चारला मला आपोआप जाग येते, आणि हे त्याच वेळेला लिहिलं आहे. आक्काला निदान पलीकडच्या काठावर नेऊन सोडावं असं फार वाटतं. पण वहाळात पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. दोन वर्षं त्यांचा चहा प्यालो, पण हे विचारायचं मला सुचलं नाही.