शिवारातली एकटी ज्वारी

बोरखडीच्या शिवारात ज्वारी पेरणारी आपण एकटीच उरलो, हे जयवंताबाईला कुणी सांगितलं नव्हतं. जूनचे दिवस होते. बियाण्याची गाडगी उन्हात मांडून ती ओसरीवर बसली होती. दर साली या दिवसांत चार-दोन बाया यायच्या, मूठभर अंबाडीचं बी मागायच्या, आपल्याकडची बरबटी, म्हणजे चवळी, देऊन जायच्या. त्या वर्षी ऊन उतरलं तरी दाराशी कुणी फिरकलं नाही. मग तिनं मनातल्या मनात एकेक घर मोजायला घेतलं. शेजारच्या खुशालरावांनी ज्वारी सोडून तीन वर्षं झाली. देवळामागच्या दोन्ही घरांनी गेल्या साली सोडली. मोजता मोजता ती आपल्याच उंबऱ्याशी येऊन थांबली.

बोरखडी अंजनगाव सुर्जीपासून बसनं अर्ध्या तासावर. चारशे एकर काळी जमीन, एका टोकाला नाला. जयवंताबाई अठराव्या वर्षी इथं नांदायला आली आणि आता साठीला टेकली होती. घरची जमीन पाच एकर. चार एकरांत नवरा किसनराव आणि मुलगा मनोज सोयाबीन घ्यायचे. नाल्याकाठचा पाचवा एकर तिच्या हातचा. त्यात ज्वारी, ज्वारीच्या मधून तुरीचे तास, म्हणजे ओळी, मूग, उडीद, बरबटी, आणि धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, अंबाडी न् तीळ. घरात त्याला सगळे ‘खायचं वावर’ म्हणत.

संध्याकाळी मनोज ओसरीच्या पायरीवर टेकला. बोलायचं ठरवूनच आला होता.

“माय, यंदा नाल्याकडच्या वावरात बी सोयाबीन टाकू म्हनतो. एका एकरासाठी पेराले येगळी तिफन, तन काढाले येगळा डवरा. कोनी मजूर येत नाई ज्वारी सोंगाले-कापाले.”

“आन खाशीन काय?”

“कंट्रोलच्या रेशनचा गहू येते, तांदूळ येते. बाकी दुकानात भेटते सारं.”

“दुकानात भेटते तवा भेटते,” जयवंताबाई म्हणाली. “सोयाबीन नाई झालं त कोन्या दुकानात जाशीन?”

मनोजनं बापाकडं पाहिलं. किसनराव सुपारी कातरत होते. ते म्हणाले, “यंदाचं साल पेरू दे तिले. पुढच्या साली पाहू.”

मनोजची बायको गीतांजली आत भाकरी थापत होती. तिला तिसरा महिना लागला होता.  सासूनं परातीत बी ओतलं तेव्हा ती येऊन शेजारी बसली आणि किडके दाणे वेचू लागली.

पेरणी साधली. ज्वारी गुडघ्याला लागली तेव्हा जुलैची उघडीप होती. एका सकाळी जयवंताबाई वावरात पोचली, तर खुशालरावांच्या धुऱ्याकडची सहा तास तिला वेगळेच दिसले. पानं टोकापासून जांभळी पडली होती. मधल्या कोवळ्या पानांचा पोंगा धरून ओढला तर तो सडक्या दोऱ्यासारखा हातात आला. तिनं दुसरा ओढला, तिसरा ओढला. सगळे तसेच.

खुशालराव पलीकडंच होते. धावत आले. माणूस सरळ होता, चेहरा उतरून गेला.

“काकू, आठ दिवसापह्यले तननाशक मारलं मी. सोयाबीनातलं गवत मरते त्यानं. वारा इकडचा होता, मले समजलंच नाई.”

“माह्या ज्वारीनं काय केलं होतं?”

“ज्वारी बी गवतच ना काकू. त्या दवाईले काय समजते?”

जयवंताबाई मेलेल्या तासांकडं बघत राहिली. खुशालरावांवर तिला रागावता येईना. पण उभ्या उभ्या तिनं चारी बाजूंना नजर टाकली. तिन्ही अंगांना सोयाबीन होतं आणि चौथ्या अंगाला नाला. म्हणजे तिन्ही अंगांनी फवारा होता. आज या बाजूनं आला. वारा फिरला की त्या बाजूनं येईल. तिच्या पिकाला वैरी कुणी नव्हता, पण त्याच्या सोबतीलाही आता कुणी नव्हतं.

पोळ्याच्या आधी आठ दिवस ती मुगाच्या शेंगा तोडायला निघाली होती. वाटेत घरच्या सोयाबीनच्या कडेला तिला एक पान दिसलं. हिरव्यावर पिवळे ठिपके, जणू कुणी हळदीची बोटं पुसलीत. तिनं ते पान खुडून मनोजला दाखवलं. त्यानं दोन बोटांत धरून उन्हाकडं केलं आणि लगेच गाडी काढून अंजनगावला गेला. औषध आणलं, त्याच दिवशी फवारलं. तिसऱ्या दिवशी शेजारचं वावर पिवळं दिसलं. सहाव्या दिवशी देवळाच्या कट्ट्यावरून पाहिलं तर नाल्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत सारं शिवार एकाच रंगाचं झालं होतं. पांढरी माशी रोग घेऊन या वावरातून त्या वावरात जाते, असं कृषी खात्याचा माणूस सांगून गेला. तिला कुठं थांबायला जागाच नव्हती. सगळीकडं तिला हवं तेच पान होतं.

पोळा झाला, पण बैलांपुढं वाजंत्री वाजली नाही. लोक एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते. सोयाबीनला शेंगा होत्या, पण दाबल्या तर आत दाणा नव्हता, नुसती पापडी.

नाल्याकाठचं एकच वावर हिरवं उरलं. तिथल्या मुगालाही थोडी झळ लागली, पण जयवंताबाईनं तीन वेचण्या करून शेंगा घरी नेल्याच होत्या. बरबटी लोंबत होती. अंबाडी कमरेपर्यंत आली होती.

पहिली आली ती दीपमाला, खुशालरावांची बायको. धुऱ्यावर उभी राहून पदराशी चाळा करत म्हणाली, “काकू, अंबाडीचा पाला घेऊ का थोडासाक? लेकरायले अंबाडीची भाजी खा वाटली.”

“घे वं. इचारते काय.”

दुसऱ्या दिवशी तिघी आल्या, आठवड्यानं आठ. जयवंताबाईनं कुणाला नाही म्हटलं नाही. मग एके दिवशी दुपारची जेवून ती परतली, तर बरबटीचे दोन तास रिकामे होते. वेलांना ओरबाडलं नव्हतं; शेंगा एकेक करून, नखानं खुडून नेल्या होत्या. मऊ मातीत बाईच्या चपलेचे ठसे होते, डाव्या टाचेशी झिजलेले. ती चप्पल तिनं धुऱ्यावर दीपमालेच्या पायात पाहिली होती. तिनं पायानं ते ठसे पुसून टाकले. घरी कुणाला बोलली नाही.

तिला चोरीचं वाईट वाटलं नाही, धास्ती वाटली. मागून घ्यायला लाज वाटते तेव्हा माणूस असं घेतो, आणि ही लाज गावात याआधी तिनं कधी पाहिली नव्हती. याआधी प्रत्येकीच्या धुऱ्यावर काही ना काही असायचं.

दसऱ्याला ज्वारीची कणसं दुधावर आली. सोयाबीन सोंगून झालं होतं, म्हणजे जेवढं होतं तेवढं. शिवार बोडकं पडलं. आणि एका सकाळी पाखरं आली.

आधी पोपट आले. ते दर साली येत. त्यांच्यामागून चिमण्या. चौथ्या दिवशी भोरड्या आल्या, हजारोंनी. ही पाखरं एकदम उतरतात, उठतात तेव्हा काळं वस्त्र झटकल्यासारखं दिसतं. पूर्वी ती साऱ्या शिवारावर विखुरत, प्रत्येकाच्या वावरातून थोडंथोडं खाऊन पुढं जात. आता सगळा थवा एका एकरावर उतरला. कणसं वजनानं वाकली. जयवंताबाई मचाणावर चढली, गोफण फिरवू लागली. एका कोपऱ्यातनं उठवलं की थवा दुसऱ्या कोपऱ्यात बसायचा. जायला दुसरं ठिकाणच नव्हतं त्याला.

तीन दिवस ती दिवस उगवल्यापासून मावळेपर्यंत ओरडत राहिली. तिचा घसा बसला. चौथ्या दिवशी मनोज न बोलावता आला, पत्र्याचा डबा बडवत वावराच्या दुसऱ्या टोकाला उभा राहिला. पाचव्या दिवशी किसनराव आले. सहा महिन्यांची गरोदर गीतांजलीही जेवणाचा डबा घेऊन यायची आणि धुऱ्यावर बसून टाळ्या वाजवायची. तिला घरी जा म्हटलं तर म्हणायची, “घरी बसून करमत नाही, आई.”

त्या संध्याकाळी मनोजनं डबा खाली ठेवला. अर्धी कणसं नुसती खराट्यासारखी उभी होती, दाण्याविना. तो म्हणाला, “माय, आपुन एकट्यानं नाई ठेवू शकत हे. सारे पेरत होते तवाच पुरत होतं.”

“तेच त सांगून राहिली मी,” जयवंताबाई घोगऱ्या आवाजात म्हणाली. “मले कोनी आयकलं?”

पुढच्या पहाटे रानडुकरांनी नाल्याकडचा कोपरा लोळवलेला सापडला. मग तिनं वाट पाहिली नाही. दाणा पुरता कडक व्हायच्या आधीच ज्वारी सोंगून खळ्यात आणली. एरवी सात-आठ पोती व्हायची, अडीच झाली. पण मागं तूर उभी होती. तिला कुणी हात लावला नव्हता.

हिवाळा त्या अडीच पोत्यांवर निघाला. घरात ज्वारीची भाकर होती, मुगाचं वरण होतं, तिळाची चटणी होती. पौषात तुरीचे हिरवे सोले, कोवळे दाणे, आले. आरोग्य खात्याच्या आशाताईनं पावसाळ्यात गीतांजलीचं रक्त फार कमी आहे म्हणून सांगितलं होतं. माघात ती बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप होत्या. जयवंताबाईनं त्याचं श्रेय कशाला दिलं नाही. तिला तसं बोलायचीच भीती वाटायची. कारण शेजारी दीपमालेकडं वरण पातळ होत होत नुसतं पिवळं पाणी झालं होतं. कंट्रोलचा गहू-तांदूळ होता, पोट भरत होतं. पण दीपमालेच्या लहान मुलीच्या तोंडाचे कोपरे चिरले होते, आणि ती ताटाकडं पाहून रडायची.

शिमग्याच्या आधी जयवंताबाईनं निवडून ठेवलेली कणसं मळली. बी वेगळं केलं, राखेत घोळलं. मग नऊ घरांच्या नऊ पुरचुंड्या बांधल्या. प्रत्येकीत ज्वारी, बरबटी, अंबाडी आणि मूठभर मूग. ती घरोघर गेली. सगळीकडं तिचं बोलणं एकच होतं.

“मले काई नको. अर्धा एकर पेरजो, नाई त चार तास पेरजो. पन पेरजो. म्हंजे पाखरं वाटल्या जातीन.”

सगळ्यांनी पुरचुंड्या घेतल्या. काहींनी डोक्याला लावून घेतल्या.

जून आला. पेरण्या सुरू झाल्या आणि जयवंताबाई वावरं पाहत निघाली. पहिल्या वावरात सोयाबीन. दुसऱ्यात सोयाबीन. देवळामागच्या एका घरानं धुऱ्याला ज्वारी टाकली होती. नाल्यापलीकडं आणखी एकानं. बाकी कुठं काही नाही. फिरत फिरत ती दीपमालेच्या अंगणात आली. दीपमाला भांडी घासत होती. तिला पाहताच हात थांबला.

“पेरलं का वं?”

दीपमाला उठली नाही. राखेचे हात तसेच मांडीवर ठेवून म्हणाली, “खाल्लं, काकू. चैतातच. पोरीले ताप होता, मूग शिजवला. मंग बरबटी. ज्वारी भरडून कन्या केल्या दोन टाईम.” थोडं थांबून म्हणाली, “मी एकटीनं नाई खाल्लं. साऱ्यायनं खाल्लं. तुमाले सांगाले जीभ रेटत नव्हती.”

जयवंताबाई अंगणातच खाली बसली. सात घरचं बी पोटात गेलं होतं. तिला राग येईना. तापलेल्या लेकराला मूग शिजवून घातला, त्यात रागावायचं काय? पण ज्या वर्षी बी पेरायची सगळ्यांत जास्त गरज, त्याच वर्षी ते घरात टिकत नाही, हे तिला तिथं बसल्या बसल्या दिसलं. असं अजून एक साल आलं तर तिच्या स्वतःच्या घरातही टिकणार नाही.

ती उठली. घरी गेली आणि आपल्या वाट्याच्या बियाण्यातलं अर्धं घेऊन आली.

“चाल.”

“कुठी?”

“वावरात. आताच्या आता. तुह्या हातात नाई देत मी. मातीत गेलं म्हंजे कशी खाशीन?”

दोघी गेल्या. खुशालराव डोक्याला हात लावून पाहत राहिले, मग स्वतःच उठून त्यांनी कुदळीनं तास ओढले. जयवंताबाई शेवटचा दाणा झाकेपर्यंत हलली नाही.

त्या साली ज्वारीची चार वावरं झाली. भोरड्या आल्या तेव्हा थवा फुटला, एक तुकडा नाल्यापलीकडं गेला, एक देवळाकडं. जयवंताबाईच्या वावरात पाच पोती झाली. दीपमालेला दीड पोतं झालं.

पण सोयाबीनही झालं. रोग आला नाही, पाऊस वेळेवर झाला, शेंगा टच्च भरल्या. दिवाळीत गावात ट्रॅक्टर फिरले, लोक मोठ्यानं हसू लागले. जयवंताबाई देवळाजवळून जात होती, तेव्हा कट्ट्यावर खुशालराव बोलताना तिच्या कानावर आलं, “यंदा झंझट केली थे केली. पुढच्या साली सोयाबीनच टाकू सपाट. पाखरायमागं कोन धावते?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यात ज्वारीवाली दोन्ही घरं होती.

तिनं पाय थांबवले नाहीत. घरी येऊन तिनं गीतांजलीला हाक मारली. नातीला पाठीशी बांधून गीतांजली आली. दोघींनी खळ्यातली सगळ्यांत भरीव कणसं वेचायला घेतली. गीतांजलीनं विचारलं, “आई, बियाण्याला आपल्यापुरती किती ठेवायची?”

“आपल्यापुरती नाई,” जयवंताबाई म्हणाली. “नऊ घरची.”