दोघांपैकी एक

आमच्या शाळेच्या शिपायाला बायको आहे, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. शाळेच्या शिपाईणबाईंना नवरा आहे, हेही माहीत होतं. पण ही दोघं एकमेकांची आहेत, याचा पुरावा गावाबाहेर कुणाकडेच नव्हता. गावाबाहेर त्यांना एकत्र कुणी पाहिलंच नव्हतं.

शाळेच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं बिऱ्हाड. एका खोलीची भिंत आणि चौथीच्या वर्गाची भिंत एकच. बाईंनी भांडं आपटलं की चौथीचे पाढे थांबतात, आणि मास्तर खेकसले की बाईंच्या हातातलं भांडं थांबतं. नवरा वर्ग उघडतो, पाण्याची मोटर लावतो, घंटा देतो. बायको वर्ग झाडते, टाकी घासते, पडलेल्या पोराचा गुडघा धुते. नेमणूक एकाची, राबणारी दोघं. 'शिपाईणबाई' हा किताब मात्र गावानं तिला दिलदारपणे बहाल केला आहे. किताबाला काही खर्च येत नाही ना!

तर नियम असा, की शाळा सुनी सोडायची नाही. दोघांपैकी एकानं कायम तिथं थांबायचं. तिच्या भावाच्या लग्नाला ती गेली, हा राहिला. याच्या आत्याच्या मयताला हा गेला, ती राहिली. नातेवाईक विचारायचे, "दुसरं माणूस कुठाय?" उत्तर ठरलेलं, "शाळेत." दोघांचे केस पिकले, पण शाळा काही सुटेना.

लेकीचं लग्न तर त्यांनी शाळेच्या पटांगणातच लावलं. गाव म्हणालं, वा, शाळेवर किती ते प्रेम! प्रेम कसलं डोंबलाचं. लग्न बाहेर केलं असतं तर आई तरी आली असती नाही तर बाप तरी.

आणि राखायचं ते काय? दक्षिण ध्रुव गळून पडलेला एक पृथ्वीचा गोल. फिरणारा एक पंखा, आणि बाकीचे शोभेचे. शिवाय मुख्याध्यापकांच्या खोलीतलं ते कपाट. ते मुख्याध्यापकांनाच उघडत नाही, चोराला काय उघडणार?

लेक नर्स आहे. तिनं आणि जावयानं शहरात छोटंसं घर घेतलं. तिचा फोन आला.

"आई, घर बघायला या. दोघं."

"येते की. आधी मी येऊन जाते, मग बाबा..."

"नाही. दोघं मिळून. होस्टेलवर एकदा तू यायचीस, एकदा बाबा यायचे. मैत्रिणी विचारायच्या, तुझ्या आईवडिलांचं पटत नाही का गं? आता सासूबाईही तेच विचारतात. एकेकटे आलात तर दार उघडणार नाही, सांगून ठेवते!"

लेक आईच्या वळणावर गेलेली. त्यामुळे दार खरंच उघडणार नाही, याची बापाला पक्की खात्री.

मग एका रात्रीसाठी बदली माणूस शोधणं सुरू झालं. शाळा समितीचे अध्यक्ष सिमेंटचे व्यापारी. 'शाळा म्हणजे माझा श्वास' हे वाक्य ते दर सभेत टाळ्या येईपर्यंत म्हणतात. त्यांना नेमका त्याच आठवड्यात दमा सुरू झाला. माजी विद्यार्थ्यांचे डोळे शाळेच्या नुसत्या आठवणीनं भरून येतात. एक रात्र झोपायला या म्हटल्यावर डोळे कोरडे. किराणावाला म्हणाला, "तिकडं डास फार हो."

शिपाईणबाई म्हणाल्या, "हो का? आम्हाला तर ओळखीचे म्हणून चावतच नाहीत!"

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "वहिनी, चला. हा नियम करणाऱ्यालाच धरू." गावात ऊठसूट मोर्चे काढणारा मीच, याही वेळी माझी तयारी होती. आम्ही तडक मुख्याध्यापिकाबाईंसमोर जाऊन उभे राहिलो. मागून शिपाई आला, "अहो भाऊ, जाऊ द्या, जाऊ द्या," करत.

मी आवाज चढवून सगळं सांगितलं. बाई गेल्याच वर्षी बदलून आलेल्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "कुठला नियम?"

"एकानं कायम शाळेत थांबायचा!"

"असा नियमच नाही. सुट्टी घ्या, कुलूप लावा, किल्ल्या माझ्या घरी द्या. मला वाटलं, यांना कुठं जायची आवडच नाही."

माझ्या घोषणा घशातच राहिल्या. सगळ्यांनी शिपायाकडे बघितलं.

"पहिल्या हेडमास्तरांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "नवीन रुजू झालो तेव्हा. दोघांपैकी एकजण इथं असू द्या, म्हणाले."

"का?"

"फाटक नव्हतं ना तेव्हा. गुरं आत यायची."

"मग फाटक कधी बसलं?"

"लगेच, पुढच्याच महिन्यात."

"मग?"

"मग साहेबांची बदली झाली. जाताना काही बोलले नाहीत."

बाईंना हसू फुटलं. त्यांच्याआधी किती मुख्याध्यापक येऊन गेले, हा पहारा सगळ्यांना दिसत होता. पण फुकटच्या पहाऱ्याला 'का?' म्हणून कोण विचारतंय?

शिपाईणबाई हसल्या नाहीत.

"म्हणजे भावाच्या लग्नात 'नवरा कुठाय, नवरा कुठाय' हे मी ऐकून घेतलं, ते गुरांसाठी?"

"अगं, साहेबांचा हुकूम होता..."

"एकदा तरी म्हणालात, की चल, दोघं जाऊ, बघू काय होतं ते?"

"तू तरी कुठं म्हणालीस?"

उभ्या शाळेची कुलपं लावणाऱ्या या माणसाला स्वतःच्या तोंडाला कुलूप घालणं तेवढं जमलं नाही.

"मला वाटायचं, वरून आलेला हुकूम आहे," ती म्हणाली. "तो तुमच्या डोक्यातला होता, हे आज कळलं. उद्या मी एकटीच जाते. नाही उघडलं लेकीनं दार तर पायरीवर बसेन. एकटं बसायची सवय आहे मला."

दुसऱ्या दिवशी शहरात माझी कोर्टाची तारीख होती, म्हणून मी त्याच बसमध्ये होतो. ती खिडकीशी बसली, शेजारच्या जागेवर पिशवी ठेवून. बस हलणार तेवढ्यात शिपाई धापा टाकत चढला. किल्ल्या द्यायला गेला होता. कुठली किल्ली कुठं अडते ते समजावत बसला, शेवटी मुख्याध्यापिकाबाईंनी जुडगा हिसकावून घेतला आणि दार लावलं, तेव्हा कुठं निघाला. पिशवी मांडीवर घेऊन तो परक्या बाईशेजारी बसावं तसा सीटच्या कडेला टेकला. ती बाहेर बघत राहिली.

कंडक्टर आला. "किती?"

"एक," शिपाई म्हणाला.

सगळी बस हसली. शिपाईणबाईंनी खिडकीतून मान वळवली. "आणि मी काय गाठोडं आहे?"

"अगं, तोंडाला सवय..."

"साहेब, माझं वेगळं फाडा. मी नाही ओळखत यांना."

कंडक्टर वैतागला. "ओ, सकाळी सकाळी डोकं खाऊ नका. एकत्र आहात का नाही, तेवढं सांगा!"

"एकत्र!" शिपाई असा ओरडला, की ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं. "एकत्रच आहोत. म्हणजे... आजपासून."

 शिपाईणबाईंनी पिशवी त्याच्या मांडीवरून ओढून पायाशी ठेवली.

"सरकून बसा नीट," म्हणाल्या. "वळणावर पडाल."