शेंदराखालची चीर

आमचं धनी पलटणीच्या वर्कशापातनं परत आलं, तवा तिथली एक इद्या घिऊन आलं. लोखंडाला रातभर राकेलाची चिंधी गुंडाळायची, सकाळी कोरडं पुसायचं आन् वरनं खडूची भुकटी फासायची. कुठं बारीक चीर असंल तर आत मुरल्यालं राकेल भुकटीत वर येतं, काळी रेघ उठती. रेशनचं राकेल लोखंडाला पाजत्यात म्हणून मी लय भांडले, पर ऐकतंय कोण! मी काय नाव घेत न्हाई, पर तासगाव भागात लोक 'गुंडा मिस्त्री' म्हणायची. त्यांनी उसाचा चरक बघितल्याबिगर कुणी बैल जुंपत न्हवतं.

त्या साली दसऱ्यानंतर सयाजीचा चरक बघाय गेलं. सयाजीच्या बायकोनं, राहीबाईनं, खंडेनवमीला चरक पुजून मधल्या लोखंडी दांड्याच्या मानेला तेलातला शेंदूर थापल्याला. ह्यांनी सगळा दांडा घासला, तेवढा शेंदूर ठिवला. पुजल्याला द्येव खरवडायचा कसा? रेघ कुठंच उठली न्हाई. "जुंप गड्या," म्हणालं.

हंगाम सुरू झाला आन् दांडा मोडला. बैल जुंपायचं वरचं आडवं लाकूड खाली बसून ऊस सारणाऱ्या सयाजीवर आलं. मिरजेला दवाखान्यात नेलं, पर उजवा हात कोपरापास्नं गेला. धनी मोडका दांडा बघून आलं. चीर शेंदराखालीच हुती, जुनी, गंजल्याली. तिचं तोंडच बुजल्यालं, राकेल शिरणार कुठनं?

"द्येवाची मर्जी, मिस्त्री. तुमी काय करणार?" सयाजी म्हणाला. त्यापरीस चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं! ह्यांनी भाकरी मोडायची आन् सोताच्या हाताकडं बघत बसायचं. चरक बघायचं सोडलं. मी चिडलेच, "आवं, घरात बसून त्याचा हात परत येणार हाय व्हय?"

"शेंदराखाली बघितलं न्हाई, हे मला ठावं हुतं गं," म्हणालं. "नुसतं सांगितलं असतं, तरी त्यो थांबला असता. आन् अजून त्याला सांगाय तोंड हुईना."

पुढल्या दसऱ्यानंतर राहीबाई नवा दांडा गाडीत घालून आमच्या दारात. मानेला ताजा शेंदूर. दांडा बघून धनी भाईर आलं. तिथंच अंगणात, खाली मान घालून, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता ही बाई थुंकणार तोंडावर.

राहीबाई गाडीकडं वळली. मग गाडीतला विळा घेतला, आपल्याच हातानं पुजल्याला शेंदूर खरवडून काढला, पदरानं दांड्याची मान पुसली.

"आता बघा," ती म्हणाली. "आन् जे बघितलं नसंल, ते बी सांगा."