आधी वारा बघू द्या

सकाळची अंघोळ, लिंगपूजा आटोपली की अप्पा कपाळावर विभूतीचे पट्टे ओढून घराबाहेर यायचे. बोटांना उरलेली राख चिमटीत धरायचे, हात खांद्याएवढा उचलायचे आणि सोडून द्यायचे. राख कुठं जाते ते बघून म्हणायचे, "आज रेणापूरवरून हाय वारा." मग चप्पल घालायची.

बरं, जायचं कुठं? तर समोर माझ्या दुकानात. मी शेतातल्या पाण्याच्या मोटारींचं रिवाइंडिंग करतो. दुकान ते त्यांचं दार यात एक रस्ता आणि एक गटार. तेवढं ओलांडायला वाऱ्याची चौकशी कशाला, असं मी त्यांना कितीदा तरी चिडवलं. अप्पा म्हणायचे, "आधी वारा बघू द्या. मग बोला."

अशी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांना थोडं हसतो, आणि एक दिवस आले नाहीत तर चैन पडत नाही.

गावात अप्पांची ओळख शिकारी अशी होती. आफ्रिकेत आयुष्य काढून आलेला माणूस, तोही शिकारीच्या तळावर राहिलेला, म्हटल्यावर लोक दुसरं काय समजणार? दुकानात मोटार घेऊन आलेला प्रत्येक जण एकदा तरी विचारायचाच, "अप्पा, सिंह किती मारले?"

"भाकरी लई थापल्या," अप्पा सांगायचे.

खरं तेच होतं. तरुणपणी उदगीरला त्यांची खानावळ होती. तिथं जेवणारा एक व्यापारी त्यांना घरचा स्वयंपाकी म्हणून टांझानियाला घेऊन गेला. व्यापाऱ्याचा धंदा बसला आणि अप्पा पोटासाठी जंगलातल्या एका तळावर गेले. सरकारी परवाना काढून गोरे पाहुणे तिथं यायचे, बंदूकवाला वाटाड्या सोबत घेऊन रानरेड्यामागं दिवसच्या दिवस हिंडायचे. मांस शिजवायला दुसरा माणूस होता. बाकी चहापासून तंबूपर्यंत सगळं अप्पांकडं. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती आणि समोर टांगलेला रेडा, असा हा संसार. एका पाहुण्यानं हौसेनं त्यांचा ठेचा खाल्ला, तर त्या दिवशी शिकारीला जाणं झालंच नाही म्हणे. हे सांगताना अप्पा एवढे हसायचे की डोळ्यांतून पाणी यायचं.

तळावर मारून आणलेल्या प्रत्येक जनावराच्या कपाळाला अप्पा विभूती लावायचे. पाहुण्यांना वाटायचं, हा हिंदुस्थानी मानपान असणार. ते खुशीत फोटो काढायचे. मी एकदा विचारलं, "कशाला लावत होता?"

"मी मारलं न्हाई, हे खरं हाय," ते म्हणाले. "पण मारणाऱ्याला जेवू घातलं ना. मग काहीतरी करावं वाटायचं. दुसरं काय येतं आपल्याला?"

राख सोडून वारा बघायची सवयही तिकडचीच. तळावर एक म्हातारा होता, एकेकाळी जनावराचा माग काढणारा. गुडघे गेल्यावर तो अप्पांच्या चुलीला लाकडं आणून द्यायचा. दोघांना एकमेकांची भाषा जेमतेम यायची. तरी रोज एकाच ताटात भाकरी मोडायचे. राखेचं त्यानंच शिकवलं. शिकाऱ्याला वारा समोरून लागतो, म्हणजे जनावराला वास जात नाही. लाकूडफाट्याला जाणाऱ्याला तोच वारा पाठीमागून पाहिजे. आपला वास पुढं गेला की जनावर वाट सोडून बाजूला होतं. म्हातारा चुलीतली चिमूटभर राख घेऊन निघायचा, आणि झाडीत शिरण्याआधी हमखास सोडून बघायचा.

इथवर अप्पा रंगून सांगायचे. पुढचं त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मान खाली घालून.

एका पाहुण्याची गोळी रेड्याला खाली लागली. जनावर जखमी होऊन झाडीत गेलं. जखमी जनावर मागं सोडायचं नाही, हा तिथला पहिला नियम. पण पाहुण्याला परत जायची घाई होती. वाटाड्याही म्हणाला, गेलं लांब. सगळ्यांनी तेच खरं धरलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला उशीर होत होता आणि चुलीला लाकूड नव्हतं. म्हातारा राख घ्यायला वाकला, तेव्हा अप्पा म्हणाले, राख ऱ्हावू दे, आधी लाकडं आण.

"त्यानं ऐकलं माझं," अप्पा म्हणाले. "कधी न्हाई ते ऐकलं बगा."

रेडा लांब गेलाच नव्हता. म्हाताऱ्याला उचलून आणलं तेव्हा अप्पांनी त्याच्याही कपाळाला विभूती लावली. मग तळ सोडला आणि घरी आले. मी हातातला पाना खाली ठेवला.

आता आमच्या दाजींच्या उसाचं सांगतो. दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे मालक. माणूस चांगला, पण डोकं गरम. ऊस गावालगतच. कारखान्याची तोड एकदाची मिळाली, ऊस तोडणारी टोळी आली, आणि नेमकं त्याच पहाटे बांधाकडून धडाका ऐकू आला. रानडुकरांसाठी कुणीतरी कणकेत गावठी बॉम्ब ठेवला होता. सकाळी बांधावर रक्त आणि केस. रक्ताचा माग उसात शिरलेला.

दाजी म्हणाले, "गेलं असंल पलीकडून पळून. चला, लागा कामाला."

टोळीतल्या बाया कोयते घेऊन उठल्या. मी अप्पांना गंमत म्हणून सोबत नेलं होतं, गावाच्या लेखी शिकारी माणूस, बघतील म्हणून. अप्पांनी राख सोडली. ती बायांच्या तोंडावर आली. तसे अप्पा पुढं गेले आणि सरीच्या तोंडाशी मांडी घालून बसले.

"न्हाई," म्हणाले. "कुणी आत जायचं न्हाई."

दाजींचा पारा चढला. "अप्पा, गाडी उभी हाय. आज तोड गेली तर पुन्हा कधी मिळायची? कुठंय डुक्कर? दाखवा मला."

"मला काय म्हाईत कुठंय? मी सैपाकी माणूस. कुठंय ते कळंना, म्हणून तर बसलो."

दाजी बोलायचे ते सगळं बोलले. भित्रा म्हणाले, खोटा शिकारी म्हणाले. ड्रायव्हर हसला. मीही म्हणालो, "अप्पा, उठा आता, तमाशा व्हायलाय." अप्पा हलले नाहीत. सगळ्यात पुढं उभ्या असलेल्या बाईला म्हणाले, "बाई, मी एकाला असंच पाठवलंय. तुला न्हाई पाठवणार."

तिनं कोयता खाली ठेवला. तिचं बघून बाकीच्याही बसल्या.

दुपारी जंगलखात्याची माणसं जाळी घेऊन आली. त्यांनी पलीकडून डबे वाजवले आणि ते डुक्कर अप्पांच्या बाजूच्याच सरीतून बाहेर पडलं. जबडा निम्मा उडालेला. दाजींची उभी मोटारसायकल त्यानं उडवली, कालव्यापर्यंत गेलं आणि पडलं. उसात ते असं कितीसं आत होतं? बाया वाकून तोडायला लागल्या असत्या, तर पहिल्याच मोळीला.

अप्पा उठले, कालव्यावर गेले, डुकराच्या कपाळाला विभूती लावली आणि तिथंच बसून रडले. एवढं म्हातारं माणूस लहान लेकरासारखं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. दाजी त्यांच्याजवळ जाऊन उभे राहिले. मग त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला. चहा पिता पिता अप्पांनी त्या पुढच्या बाईला राखेचं सांगितलं, आत शिरताना वारा पाठीमागून पाहिजे म्हणून.

पुढच्या पावसाळ्यात अप्पा गेले. आमच्याकडं लिंगायतात बसवून पुरतात, तसं त्यांना बसवलं. मला सरीच्या तोंडाशी मांडी घालून बसलेले अप्पाच आठवत होते. सकाळी दुकान उघडलं की माझी नजर अजून समोरच्या दाराकडं जाते. वारा कुठून आहे ते सांगायला कुणी नाही. चुकल्याचुकल्यासारखं होतं.

यंदा दाजींच्या उसाला तीच टोळी आली. मी गेलो होतो. त्या बाईनं विचारलं, "राखवाले बाबा कुठायत?" मी सांगितलं. ती आपल्या तीन दगडांच्या चुलीजवळ गेली, चिमूटभर राख घेतली आणि उसासमोर उभी राहून सोडली. राख तिच्या पदरावर आली.

ती वळली आणि सगळ्या बायांना घेऊन बांधाबांधानं पलीकडच्या टोकाला निघाली. तिकडून सुरुवात करायची म्हणजे गाडी फिरवून न्यावी लागणार. ड्रायव्हर कुरकुरला.

दाजी त्याला म्हणाले, "थांब. त्यांना आधी वारा बघू दे."