चांद्याच्या आरागिरणीतला रशियन मंत्री

आरागिरणीत दोन गोष्टी रोज साचतात: भुसा आणि किस्से. भुसा निदान शेगडीत जाळता येतो. किस्से आमच्या ओसरीवर येऊन पडतात, कारण गिरणीतली मंडळी चहाला तिथंच बसतात. लग्न होऊन मी चांद्याला आले त्याला सहाच महिने झालेत. मी बोलत नाही, म्हणून सगळे माझ्यादेखत बोलतात!

*

आमचे हे गिरणीत आऱ्याच्या पात्याला धार लावतात. म्हातारे मुकादम काम सोडून गावी गेले, आणि ती जागा यांना हवी होती. शेठच्या मनात मात्र स्वतःचा साळा! अशात आरा चालवणारे रहीमचाचा वाचनालयातून रशियाचं चित्रांचं मासिक घेऊन आले. त्यात एका मंत्र्याचा फोटो. तो म्हणे आधी आरागिरणीत कामगार होता.

"पाह्य! हा मंत्री झाला, अन तू मुकादम नाई होऊन राह्यला!" चाचा यांना म्हणाले.

*

यांनी आधी मंत्र्याची बोटं मोजली. दहा!

"आरा चालवणाऱ्याची दहा बोटं?" आठ बोटांचे रहीमचाचा भडकले. "झूट! हा मालकाचा साळा असन!"

 हे आपली दहाही बोटं पुढं धरून म्हणाले, "चाचा, हा धारवाला असन."

त्या दिवसापासून मंत्री आमचा झाला.

*

दसऱ्याला मशीनच्या पूजेत कुणीतरी तो फोटोही मांडला. हळद, कुंकू, झेंडूची फुलं. शेठनी नारळ फोडला, फोटोला हात जोडले आणि हळूच विचारलं, "नवीन फॉरेस्ट साहेब काय? कोणत्या डिव्हिजनचे?"

"मॉस्को," हे म्हणाले.

"असं! सागवान आहे काय तिथी?"

*

शेठकडे जागा मागायची म्हणून यांनी चार दिवस घरी तालीम केली. मला बाजेवर बसवलं. "तू शेठ. मी मांगतो, तू बोल."

मी काहीच बोलले नाही.

पाचव्या दिवशी गिरणीतून परत आले आणि पाय न धुताच म्हणाले, "अवं, तू बराबर शेठ झाली होती! तोबी काईच नाई बोलला."

*

मग एका रविवारी रहीमचाचा वर्तमानपत्र घेऊन आले. चहाला हातही लावला नाही. रशियात त्या मंत्र्याला काढून टाकलं होतं. कुठल्याशा दूरच्या कारखान्यात धाडलं होतं!

हे उठले. माझ्यापुढं कागद ठेवला. "लिही. आमच्या इथी मुकादमाची जागा खाली आहे. शेठचा साळा पुढच्या सोमवारी येते, तुमी त्याच्या आधी या. जेवाची सोय आमच्या घरी."

"अन तुझं काय, येड्या?" चाचा ओरडले.

"मी तं धार लावूनच राह्यलो, चाचा. मंत्री होऊन त्याची सवय मोडली असन."

मी लिहिलं. कागदाची घडी घातली. आणि चाचांसमोर पहिल्यांदाच तोंड उघडलं, "पत्ता?"

"रशिया," हे म्हणाले. "धारवाला म्हणलं का कोणीबी सांगन."